मिरच्यांच्या शालीची उलटी बाजू

मला कापड उलटं करून बघायची वाईट खोड आहे. साडी घेताना मी पदराच्या आधी मागची बाजू बघते आणि दुकानदार मनातल्या मनात माझा उद्धार करतो. लग्नकार्यात कुणाचा शेला आवडला तर बोलता बोलता त्याचं टोक हळूच उलटवते. वर्षानुवर्षं मुलांना वस्त्रांवरची नक्षी शिकवत आले, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. नक्षी कशी विणली आहे ते मागच्या बाजूनं कळतं, एवढं साधं कारण आहे.

या खोडीपायीच मी या जानेवारीत वाशीम जिल्ह्यात जाऊन आले. प्राची ही माझी जुनी विद्यार्थिनी, इंझोरीची. तिचं लग्न ठरलं होतं. तिनं फोनवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, आमच्या घरची शाल. लग्नात नवरीच्या अंगावर घालतात. कुठली असेल?’ फोटो मोठा करून बघता बघता माझा चहा गार झाला.

शाल नक्षीनं गच्च भरलेली होती. जुन्या काश्मिरी शालींवर कडेला एकेक फुलाचं झाड असतं, ठेंगणं, पायथ्याशी मुळं असलेलं, आणि मधली जागा मोकळी. पुढं त्या झाडाची कुयरी झाली. मग युरोपातल्या बायकांना या शालींचं वेड लागलं, आणि फ्रेंच व्यापाऱ्यांचे दलाल कागदावर काढलेली नक्षी घेऊन थेट काश्मिरात येऊ लागले. तिकडच्या घेरदार झग्यांवर पाठीवरून खालपर्यंत शोभेल अशी नक्षी त्यांना हवी असे. कुयरी लांबत गेली, वळली, एकमेकींत गुंतली, मोकळी जागा संपली. फोटोतली शाल त्या वळणाची होती.

पण अडचण अशी की, तसल्याच शाली फ्रान्समध्ये यंत्रमागावरही निघत होत्या आणि पुढून दोन्ही सारख्या दिसतात. मी प्राचीला फोन करून म्हटलं, “मागच्या बाजूचा फोटो पाठव.” ती म्हणाली, “मागची बाजू दिसत नाही मॅडम. तुम्हीच या ना.” एवढ्यावर मी बॅग भरली.

कारंजा लाड

रात्रीच्या बसनं माझ्या कमरेचं काय केलं ते सांगत बसत नाही. सकाळी कारंज्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती आणि रस्त्यानं कापसानं फुगलेले ट्रॅक्टर बाजाराकडे चालले होते. प्राची स्कूटी घेऊन उभीच होती. पुण्यात पाच वर्षं राहून गेलेली मुलगी, पण इथं तिचा आवाज मोठा झाला होता आणि चालही ऐसपैस.

तिनं आधी पोहे खायला घातले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते. इथं त्यावर लालभडक तर्री ओतली. मी पोह्यांचा असा अपमान पाहून नाक मुरडलं आणि पहिल्याच घासाला असा ठसका लागला की दुकानदार स्वतः पाणी घेऊन धावत आला. दुसरी बशी मात्र मी मागून घेतली, हेही सांगायला हवं.

मग जैन मंदिरातलं लाकडावरचं कोरीव काम बघायला गेलो. तिथल्या खांबाशी उभं राहून प्राचीनं शालीची गोष्ट सांगितली. तिच्या खापरपणजोबांच्या मळ्यातली फुलं रोज कारंज्यात एका सावकाराच्या घरी पूजेला जात. सावकाराच्या मुलीच्या लग्नात या गड्यानं सगळा मांडव फुलांनी सजवून दिला. खूश होऊन सावकारानं खांद्यावरची शाल काढून त्याच्या अंगावर घातली. खरं-खोटं कोण जाणे, पण व्यापाराच्या गावात अशी शाल येणं अवघड नव्हतं. युरोपातल्या बायकांची हौस फिटल्यावर उरलेल्या कितीतरी शाली आपल्याकडच्या बाजारांत उतरल्या असणार.

“मग मागची बाजू का दिसत नाही?” मी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, “ते आई दाखवील.”

इंझोरी

प्राचीचं घर गावाच्या कडेला, आणि घराला लागूनच भाजीची वाडी. अंगणात वांग्यांचे क्रेट एकावर एक रचलेले, मेथीच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या. एका क्रेटमध्ये चक्क ब्रोकोली. प्राचीचे वडील देवीदासभाऊ, उंच, अबोल माणूस, नमस्कार करून लगेच पाणी सोडायला वाडीत निघून गेले. आई कमलताईंनी मात्र मला हात धरूनच आत नेलं.

“आंधी जेवा. शाल कुठी पळून नाई जात,” त्या म्हणाल्या.

ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे कोवळ्या ओल्या दाण्यांची, वांगी घातलेली भाजी आणि ठेचा. सोल्यांची भाजी मी पहिल्यांदाच खाल्ली आणि आजवर ती का खाल्ली नाही याचा मला राग आला. “पुन्यात तुरी नाई मिळत का?” कमलताईंनी विचारलं. मिळतात, पण आम्ही डाळ होईपर्यंत वाट बघतो, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांना माझी खरोखर दया आली.

जेवण झाल्यावर लोखंडी पेटी उघडली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली शाल त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. किती हलकी होती! मेंदीच्या रंगाची जमीन, त्यावर तांबड्या, निळ्या, काळपट हिरव्या वळणांची गर्दी. कडेनं रंगीत कमानींची रांग. पुण्यात आमच्या कपाटात सत्कारात मिळालेल्या शालींचा ढीग आहे, त्यातली एकही कुणी अंगावर घेत नाही. आणि ही इथं प्रत्येक लग्नाला बाहेर येत होती, हळदीचे डाग अंगावर घेत होती.

“ह्या मिरच्या पाहा,” कमलताई लांबलेल्या कुयरीवर बोट ठेवून म्हणाल्या. “आमी मिरच्यायची शालच म्हनतो हिले.”

“ज्वाला जातीची हाये,” दारातून देवीदासभाऊ म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले कळलं नव्हतं. “लंबी अन् टोकाले वाकडी. लवंगी अशी नसते.”

मी हसले, पण त्यांचं बरोबर होतं. युरोपच्या हौसेनं ताणलेली ती कुयरी आता आंब्यासारखी मुळीच दिसत नव्हती. भाजी पिकवणाऱ्या घराला ती मिरचीच वाटणार. मग अर्थातच मी शाल उलटी केली.

मागच्या बाजूला शाल नव्हतीच. हातरुमालाएवढ्या तुकड्यांचं अस्तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लावलेलं होतं. पिवळे, हिरवे, गुलाबी, बुट्टीचे, चौकड्यांचे, काही विरून जाळी झालेले. कमलताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. या घरातली लेक सासरी जायला निघते तेव्हा हळदीच्या साडीचा एक तुकडा कापते आणि शालीला आतून शिवते. लेक जाते, तुकडा माहेरी राहतो. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं आहे, आणि आता प्राचीचा तुकडा लागायचा होता.

मी तुकड्यांवरून हात फिरवत राहिले. खरं सांगते, मला गलबलून आलं. आणि त्याच वेळी माझी बोटं चोरासारखी कडेला एखादा सैल टाका सापडतो का ते चाचपत होती. मी अगदी जपून विचारलं, एका कोपऱ्यात चार बोटं उसवलं तर चालेल का?

“चालन,” कमलताई म्हणाल्या. “पन जिचा तुकडा तिनंच उसवा लागते. दुसऱ्यानं हात लावला त तिचं माहेर तुटते म्हन्तेत.”

मधले तुकडे उसवून उपयोग नव्हता, शाल दुमडून ताणली असती. कडेच्या तुकड्यांच्या मालकिणी बहुतेक देवाघरी गेलेल्या. उरली एकच. कोपऱ्यातला हिरव्या बुट्टीचा तुकडा रुख्माआत्यांचा, देवीदासभाऊंच्या थोरल्या बहिणीचा. त्या शेलूबाजारला असतात.

“मग बोलवा ना त्यांना! लग्नाला येणारच असतील,” मी म्हटलं.

देवीदासभाऊ चपला घालून बाहेर गेले. मग कमलताईंनी हळू आवाजात सांगितलं. सासूबाई भर उन्हाळ्यात गेल्या. शेलूबाजारला फोन लागेना. निरोप पोचून रुख्माआत्या येईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांना आईचं तोंड दिसलं नाही. दारातूनच त्या परत गेल्या. तेव्हापासून त्यांनी माहेरचं पाणी घेतलेलं नाही, आणि आता भाचीच्या लग्नालाही येणार नाही असा निरोप आला होता.

“मॅडम, तुमी जा,” कमलताई एकदम म्हणाल्या. “तुमचं काम हाये म्हनून सांगा. मी धाडलं असं म्हनू नोका.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला पुण्याहून बोलावण्यामागं नुसती शालच नव्हती. मी थोडी चिडलेही, कारण मला कुणी वापरून घेतलेलं आवडत नाही. मी प्राचीकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत होती. आत्याशिवाय मांडवात उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी म्हटलं, बरं, उद्या जाऊ.

शेलूबाजार

मंगरूळपीरहून काळीपिवळी जीप भरेपर्यंत हलली नाही आणि भरल्यावरही आणखी माणसं घेत राहिली. माझ्या मांडीवर कुणाची तरी सांबाराची जुडी होती. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली, हरभरा हिरवागार, आणि अधूनमधून कापूस वेचणाऱ्या बायका.

रुख्माआत्यांची पिठाची गिरणी बाजाराच्या मागच्या बोळात आहे. गिरणी चालू होती, बायका डबे घेऊन रांगेत होत्या, आणि आत्या जात्याशी उभ्या, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. प्राचीला बघून त्यांचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा पायलीनं गहू ओतू लागला.

“कोन हायेत ह्या?” त्या ओरडल्या. गिरणीच्या आवाजात ओरडल्याशिवाय चालतच नव्हतं.

मीही ओरडून सांगितलं. शाल, काश्मीर, फ्रान्स, यंत्रमाग, मागची बाजू. आयुष्यात इतकं वाईट व्याख्यान मी दिलं नसेल. बोलता बोलता पर्समधून भिंग काढून दाखवायला गेले तर ते निसटून पिठाच्या डब्यात पडलं. रांगेतल्या बायका हसू लागल्या. आत्यांनी ते काढून पदरानं पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं, पण हसल्या नाहीत.

“मी त्या घरी येत नाई,” त्या ओरडल्या. “त्यानं मले—” आणि नेमकी वीज गेली. गिरणी थांबली, पण आत्यांचा आवाज थांबला नाही. “—माह्या मायचं तोंड दाखवलं नाई!”

आत्या स्वतःच्याच आवाजानं दचकल्या आणि पोत्यावर बसल्या. प्राची त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि तिनं आत्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. पिठाचा हात तिच्या केसांवरून फिरू लागला. पोरीचे केस पांढरे झाले तरी दोघींच्या ते ध्यानात आलं नाही.

“कमलनं धाडलं ना तुमाले?” आत्यांनी मान वर करून मला विचारलं.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ते जमलं नाही. “हो,” मी म्हटलं. “पण शाल मला खरंच बघायची आहे. ती कुणाच्या हातची आहे हे कळलं नाही तर मला पुण्यात झोप लागणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “उसवाले येतो,” त्या म्हणाल्या. “पन उंबरा वलांडत नाई. आंगनात बसीन. अन् पानी घ्या म्हनू नोका.”

पुन्हा इंझोरी

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आल्या. कडुनिंबाखाली खाट टाकलेली होती. चपला बाजूला काढून त्या खाटेवर बसल्या, दाराकडे पाठ करून. कमलताई उंबऱ्याच्या आत, आत्या अंगणात, आणि शाल घेऊन मध्ये ये-जा करणारी प्राची. देवीदासभाऊ वाडीच्या कडेला ब्रोकोलीचे गड्डे क्रेटमध्ये भरत होते. भरलेला क्रेट रिकामा करून पुन्हा भरत होते.

आत्यांनी हिरव्या बुट्टीचा तुकडा शोधला नाही, बोट थेट त्यावर गेलं. ब्लेडनं एकेक टाका कापत त्या पुढं सरकल्या. चार बोटं उसवलं गेलं आणि त्यांचा हात थांबला.

“ह्याच्या पुढं नाई,” त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. तिथून पुढचे टाके उलट्या बाजूला कलले होते, डावखुऱ्या हाताचे.

“मायचे हायेत. मले शिवता येत नोतं. तुकडा कापला अन् रडत बसली मी. मायनं हातातून सुई घेतली, अर्धं शिवून देलं.” आत्या त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत होत्या. “तिचा हात हाये हा. हे मी नाई उसवत.”

क्रेट सोडून देवीदासभाऊ कधी जवळ आले ते मला दिसलं नाही. ते बहिणीच्या मागं उभे राहिले. “उन्हाळा होता, अक्का,” ते म्हणाले. “फोन लागत नोता. दुपारलोग तुही वाट पाह्यली म्या. मंग गावातले म्हने, उचला आता. मले काई सुधरलं नाई. माहीबी माय होती.”

आत्या वळल्या नाहीत. “आता कायले सांगून राह्यला?”

“तवा तू दारातून गेली. सांगू कोनाले?”

माझ्यासारख्या परक्या बाईनं तिथं काय करायचं? मी भिंग काढलं आणि उघड्या फटीवर डोळा लावला. भिंगावर अजून पीठ होतं. देवीदासभाऊंनी ते माझ्या हातातून घेतलं, सदऱ्यानं पुसलं आणि परत दिलं.

आत, इतकी वर्षं अंधारात राहिलेले रंग कालच विणल्यासारखे होते. यंत्रमागावर धागा या कडेपासून त्या कडेपर्यंत धावतो आणि मागचे सुटे धागे नंतर कातरून टाकतात, म्हणून मागं कापलेली लव दिसते. इथं लव नव्हती. रंग बदलला त्या प्रत्येक जागी एक धागा दुसऱ्यात अडकवलेला आणि त्याचा बारीकसा उंचवटा. लहान लहान लाकडी काड्यांवर रंग गुंडाळून कुणीतरी हातानं हे केलं होतं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलं नाही.

“काश्मीरची आहे,” मी सांगितलं. “हातची. नक्षी युरोपातल्या लोकांनी सांगितलेली, पण विणली काश्मीरच्या माणसानं. ज्या बाईच्या अंगावर ती जायची, तिला त्यानं कधी बघितलंही नसेल.”

कमलताई उंबऱ्यातून म्हणाल्या, “म्हंजे आमच्या ब्रोकोलीसारखंच की. नागपूरच्या हॉटेलवाले म्हनतेत तसं लावतो. आमाले काई ते आवडत नाई. पन लावतो त नीट लावतो.”

आत्यांना एकदम हसू फुटलं. “चव नाई त्याले काई,” त्या म्हणाल्या. “आमच्या बाजारात आली होती. गड्डाभर तिखट टाकलं तवा खाल्ली.” देवीदासभाऊही हसले. पहिल्यांदाच भाऊ-बहीण एका गोष्टीवर हसले.

मी फटीचे फोटो काढले. माझं काम झालं होतं, आता तुकडा पुन्हा शिवायचा होता. कमलताईंनी सुईत हिरवा दोरा ओवून प्राचीच्या हाती दिला, प्राचीनं आत्यांना. आत्यांनी उसवलेली कड जुळवली, सुई टोचली आणि टाका न घालताच ती तशीच ठेवून दिली.

“आज नाई शिवत,” त्या म्हणाल्या.

प्राची घाबरली. “आत्या, उसवलेली शाल नवरीच्या आंगावर घालत नाईत. हळदीच्या आंधी शिवाच लागते.”

“माईत हाये मले. हळदीच्या आंधी येतो अन् शिवतो. तुह्या तुकड्याले बी कोनी पाहिजे ना बाजूले बसाले.”

उंबऱ्यात कमलताईंनी पदर डोळ्यांना लावला. देवीदासभाऊ खाकरले. “मंग जीप धाडतो, अक्का. कोन्या दिवशी धाडू?”

आत्या आता पूर्ण वळल्या. आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

“जीप कायले? मले भाऊ नाई का? तू ये न्यायले.”

देवीदासभाऊंनी मान हलवली, मग खाली वाकले आणि बहिणीच्या चपला उन्हात तापत होत्या, त्या उचलून सावलीत ठेवल्या.